नांगर पूजताना तिचे हात का थरथरले?

तापीकाठचा_मास्तर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या रविवारी आमच्या वाचनालयात पंधरा-वीस जण जमलो होतो. दर महिन्याला जमतो. एक जण वाचतो, बाकीचे चहा पिता पिता त्याची वाट लावतात. या वेळी पाळी माझी होती. मी गाथासप्तशती काढली. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण ही पोथी कधी वर्गात नेली नाही. पेन्शन सुरू झाल्यावर धीर आला म्हणा.

त्यातली ही गाथा वाचली :

फलहीवाहणपुण्णाहमंगलं लंगले कुणन्तीए ।
असईअ मणोरहगब्भिणीअ हत्था थरहरन्ति ॥

फलही म्हणजे कपाशी. कपाशीच्या रानाची नांगरट आहे, चांगला दिवस बघून औत पूजायचं आहे. घरची बाई नांगराला हळदकुंकू लावतेय (हळदकुंकू माझं, गाथेत नुसतं 'मंगल' आहे) आणि तिचे हात थरथरताहेत. कारण ती 'असई' आहे, तिचं बाहेर कुणाशी तरी आहे, आणि मनोरथांनी मन भरून गेलंय. संपली गाथा.

प्राध्यापक मंडळी माझ्याकडे बघत राहिली. हसू आलं ते बायांच्या बाजूने, फिसकन. ज्यांनी जन्मभर कापूस वेचला त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. नांगर आज चाललाय. अजून पाऊस नाही, सरकी टोचलेली नाही, माणूस लपेल एवढी झाडं व्हायला तीन-चार महिने आहेत. आणि हिला ते दाट रान आत्ताच दिसतंय!

तेवढ्यात एक सद्गृहस्थ उठले. "सर, बायाबापड्या बसल्यात. हे असलं आपल्याकडे नव्हतं, बाहेरून आलं." मला उत्तर घरी गेल्यावर सुचतं, हा जुना आजार. म्हणून इथे लिहितो. मराठीची आजी म्हणजे महाराष्ट्री प्राकृत, आणि त्या आजीची हाताशी असलेली सगळ्यात जुनी कविता हीच आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावरचा संग्रह. पुढे त्यात भर पडत गेली असं अभ्यासक म्हणतात, तरी गाभा दीड-दोन हजार वर्षांचा. 'थरहरन्ति' हा शब्द तर आपण अजून वापरतो. बाहेरून आणायचं होतं काय?

दुसरं, मला असं वाटायला लागलंय की जगभरच्या चांगल्या शृंगारात घडून गेलेलं फार कमी असतं. घडायला वेळ असतो, त्या वेळातलं सगळं असतं. हे खरं की माझं म्हातारपण बोलतंय, ते तुम्ही सांगा. तुमच्या वाचण्यातलं असं काही असेल तर टाका.

खवट_खान्देशी

मास्तर, आता कपाशीत लपून दाखवा. दर आठ दिवसांनी फवारणी. बोंडअळीतून वाचलेला प्रियकर फवाऱ्याच्या विषाने जायचा. तुरीत बसा म्हणावं.

आणि "बाहेरून आलं" म्हणणाऱ्या भाऊंना कामसूत्र द्या. वात्स्यायनाने देशोदेशीच्या बायांची यादी दिली आहे, त्यात महाराष्ट्राच्या बायांना शेजेवर अश्लील आणि कठोर बोलणं आवडतं असं स्वच्छ लिहिलंय. आपली शिव्यांची परंपरा किती जुनी ते बघा.

मोगरा_अमळनेर

@खवट, वात्स्यायनाला हे सांगितलं कोणी? विचारलं असेल कुणा पुरुषालाच.

जुनी_पोथी

सर, वाचलंत ते उत्तम. दोन दुरुस्त्या करतो, रागावू नका.

एक, लोक लगेच "गाथा आपल्या खान्देशच्या" म्हणायला लागतील. म्हणू नका. गाथांमधली नदी बहुतेक वेळा 'गोला' असते, म्हणजे गोदावरी. कपाशी सगळ्या दख्खनेत होती. आपला हक्क भाषेचा आहे, सातबाऱ्याचा नाही.

दोन, ही गाथा एकटी वाचू नका. तिच्या बहिणी आहेत. एकीत साळीची शेतं पिकून पांढरी पडायला लागलीत, म्हणजे आता कापणी, म्हणजे भेटायची जागा जाणार. म्हणून एक जण मान खाली घालून रडतेय. तिला दुसरी सांगते, रडतेस काय, तागाचं रान बघ, तोंडाला हरताळाचा पिवळा रंग फासलेल्या नटीसारखं पिवळंधमक झालंय. एक पीक गेलं, दुसरं उभं राहिलं. शेतकऱ्यांचं पंचांग असतं तसं हे प्रेमिकांचं.

आणि सगळ्यात गाजलेली ती कुत्र्याची. एक बाई फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक माणसाला म्हणते, बुवा, आता बिनघोर फिर. तुला सतावणारं ते कुत्रं आज मेलं, गोदेच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारलं. वरवर अभय, आतून 'इकडे फिरकू नकोस', कारण ती जाळी तिची भेटीची जागा आहे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने काव्यात 'ध्वनी', म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, हे समजावताना ही गाथा घेतली. आमच्या एका खेडवळ बाईच्या थापेवर काश्मिरी पंडितांनी शास्त्र उभं केलं.

पाटणा_गणित

मी गणिताचा माणूस, साहित्यात लुडबुड करतो. पण आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, 1207 चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची त्यात नोंद आहे. त्या आजोबांची 'लीलावती' 1150 ची. त्यातलं हे उदाहरण :

भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीवर गेलं. सगळ्या थव्याचे आठ नवमांशही गेले. राहिला एक भुंगा. तो रात्री सुगंधाच्या लोभाने कमळात शिरला आणि पाकळ्या मिटल्या. तो आतून गुणगुणतो, बाहेरून त्याची भुंगी त्याला उत्तर देते. तर कान्ते, सांग एकूण भुंगे किती?

उत्तर 72. निम्मे 36, मूळ 6. आठ नवमांश 64. उरले दोन, तो आणि ती.

गणिताला कमळ लागत नाही. 'एका संख्येच्या निमपटीचं वर्गमूळ' म्हटलं तरी वर्गसमीकरण तेच. आमच्या पुस्तकांत तसंच असतं आणि पोरं जांभया देतात. मी एकदा नववीच्या वर्गात मूळ श्लोक वाचला. 'कान्ते'ला पोरं खिदळली, ठीक. पण नंतर एक मुलगी आली आणि म्हणाली, सर, सकाळी कमळ उघडतं ना? मी म्हटलं, हो, उघडतं. तिला उत्तरात 72 नको होते.

मास्तर, तुमच्या 'वेळ' वाल्या मुद्द्यात हे बसतं का बघा.

बऱ्हाणपूरकर

पाटणा सर, तुमची लीलावती आमच्या गावाशी जोडतो. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये तिचं फारसी केलं. तोच फैजी 1591 मध्ये बादशहाचा वकील म्हणून दक्षिणेत आला, तो आधी आमच्याकडे, खान्देशच्या राजे अली खानाकडे. (आता आम्ही मध्य प्रदेशात, पण फारुकींची राजधानी इथेच होती, हे इकडे आल्याशिवाय जळगावकरांना आठवत नाही.) परत गेल्यावर काही वर्षांत त्याने 'नल-दमन' लिहिलं, म्हणजे आपले नल-दमयंती, फारसी मसनवीत, म्हणजे लांबलचक कथाकाव्यात.

आता यातली गंमत. फारसीत प्रेमाचं माप म्हणजे मजनू. निजामीने 1188 मध्ये लैला-मजनू लिहिलं तेव्हापासून खरा आशिक तोच, जो रानात वेडा फिरतो आणि ज्याला ती मिळत नाही. मिळाली तर गोष्टच संपेल! आणि फैजीने काय उचललं? ज्यांचं लग्न गोष्टीच्या सुरुवातीलाच होतं असं जोडपं. नल-दमयंतीत लग्नानंतर खरी आग लागते. नवरा बायकोला अर्ध्या वस्त्रात रानात सोडून जातो, ती त्याला शोधत फिरते, आणि शेवटी कुरूप झालेल्या सारथ्याला ओळखते. त्यात त्याच्या हातच्या स्वयंपाकाच्या चवीचीही साक्ष आहे. चवीवरून नवरा ओळखणं! यापेक्षा शरीराजवळचं काय असतं? नवरा-बायकोतही शृंगार असतो, हे आपल्या सद्गृहस्थांना सांगा.

वकीलसाहेब_धुळे

थोडक्यात कायदा, कारण कोणी ना कोणी विचारणारच. मर्ढेकरांवर कवितेपायी अश्लीलतेचा खटला झाला, सुटले. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 च्या एका दिवाळी अंकातली. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये अश्लील नाही म्हटलं. त्याच न्यायालयाने 1964 मध्ये लॉरेन्सची 'लेडी चॅटर्ली' ही कादंबरी विकणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराची शिक्षा मात्र कायम ठेवली होती, आणि तेच पुस्तक छापणारा प्रकाशक लंडनमध्ये 1960 लाच सुटला होता. अश्लीलतेचं कलम जुन्या दंड संहितेत 292, नव्या न्याय संहितेत 294.

गाथा वाचायला हरकत नाही, मास्तर. जामीन लागणार नाही.

नवापूर_रंगावली

मी नवापूरची, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. आमच्या बायबलात 'गीतरत्न' नावाचं पुस्तक आहे. मंडळीत (चर्चमध्ये) त्यावर प्रवचन मी क्वचित ऐकलंय. लग्नात दोन ओळी वाचतात आणि पान उलटतात. लहानपणी उपासना लांबली की मी चोरून तेच वाचायचे. त्यात ती आहे, तो आहे, द्राक्षमळे आहेत, ती रात्री त्याला शोधायला गल्लीत जाते आणि पहारेकरी तिला मारतात. देवाचं नाव शोधायला गेलात तर जवळजवळ सापडत नाही. पूर्वी यहुदी पंडितांमध्ये वाद झाला की हे पवित्र ग्रंथांत ठेवावं का. तेव्हा रब्बी अकिबा म्हणाले, सगळे ग्रंथ पवित्र आहेत, पण हा परमपवित्र. देव आणि त्याची प्रजा यांचं हे प्रेम, असा अर्थ लावला गेला. अर्थ लावला म्हणून पुस्तक टिकलं, असं मला वाटतं.

पण मला लिहायचं होतं वेगळंच. त्यात प्रियकर तिला बोलावतो तेव्हा म्हणतो, ऊठ, हिवाळा सरला, पाऊस संपून गेला, आता फुलं दिसायला लागलीत. लहानपणी हे मला कळायचंच नाही. पाऊस *संपल्यावर* कोण कोणाला बोलावतं? आपल्याकडे तर पाऊस यायच्या आत माणूस घरी हवा. नंतर भूगोल शिकवायला लागले तेव्हा उलगडलं : तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. वाटा चिखलात बंद, घरं बंद. पाऊस थांबला की माणसं बाहेर. आपल्याकडे उलटं. आपला मेघदूतातला यक्ष आषाढ लागला की रडायला लागतो, कारण नदीनाले भरले की परगावी अडकलेला चार महिने येत नाही. ओढ तीच, फक्त पावसाचा हंगाम वेगळा.

तापीकाठचा_मास्तर

ताई, मेघदूत वीस वेळा शिकवलं असेल. हे एकदाही सुचलं नाही. गाथांमध्येही 'पहिअ' म्हणजे वाटसरू जागोजाग आहे, आणि ढग दिसला की त्याची बायको दिवस मोजते.

तमिळ संगम कवितेत तर हे शास्त्रच करून ठेवलंय. पाच प्रदेश, प्रत्येकाची प्रेमाची अवस्था ठरलेली : डोंगरात मीलन, माळरानी पावसात वाट बघणं, शेतीच्या सुपीक पट्ट्यात नवऱ्याचं बाहेरख्यालीपण आणि बायकोचा रुसवा, कोरड्या रानात ताटातूट, समुद्रकाठी झुरणं. आपल्याकडे समुद्र सोडला तर सगळं आहे : सातपुडा आहे, माळ आहे, तापीचं काळं रान आहे, आणि मे महिन्यातलं जळगाव तर आहेच. (सुपीक पट्ट्यात बाहेरख्यालीपण, यावर केळीवाल्या बागायतदारांनी खुलासा करावा.)

वाघूर

मी अजिंठ्याकडचा. लेण्यांवर माणसं आणतो, सोळाव्या लेण्यात थांबतो. तिथे एक बाई कोसळतेय, सख्या सावरताहेत. इंग्रज तिला 'मरणारी राजकन्या' म्हणत. ती सुंदरी, नंदाची बायको, असं आता बहुतेक जण मानतात.

तिची गोष्ट अश्वघोषाने 'सौन्दरनन्द' काव्यात लिहिली आहे. नंद बुद्धाचा सावत्र भाऊ. नवरा-बायको माडीवर आहेत. ती चेहऱ्यावर विशेषक, म्हणजे नक्षी, काढतेय आणि आरसा त्याला धरायला लावलाय. तो मुद्दाम आरशावर श्वास सोडतो. आरसा धुरकटतो. ती चिडते, कानावरच्या कमळाने मारते. खाली बुद्ध भिक्षेला येऊन उभा राहतो, नोकरचाकर मालकांच्या हौसेत गुंतलेले, कोणी बघत नाही, तो रिकाम्या पात्राने जातो. हे कळल्यावर नंद म्हणतो, जाऊन नमस्कार करून येतो. ती म्हणते, जा, पण माझी ही नक्षी वाळायच्या आत ये.

तो गेला. बुद्धाने त्याच्या हातात भिक्षापात्र दिलं, विहारात नेलं, मुंडण झालं. मुंडण होताना तो रडत होता.

हे लिहिणारा स्वतः बौद्ध भिक्खू. शेवटी तो कबूल करतो की कडू औषध घशाखाली जावं म्हणून मध घातला. मी शेकडो वेळा ही गोष्ट सांगितली असेल. माणसं निर्वाणाचं काही विचारत नाहीत. एका म्हातारीने विचारलं होतं, मग ती नक्षी तिने पुसली का तशीच वाळू दिली?

जुनी_पोथी

वाघूर, याच्या उलट आपल्याकडे झालंय. महानुभाव भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपाळवध' लिहिलं, इसवी 1300 च्या आसपास. त्यात कृष्ण-रुक्मिणीचा शृंगार असा रंगला की पंथातल्या जाणत्यांनी म्हटलं, ग्रंथ चांगला झाला, पण निवृत्तांच्या कामाचा नाही. मग त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' लिहिली. इथे मध इतका झाला की औषध वेगळं द्यावं लागलं.

मोगरा_अमळनेर

दोन दिवस वाचतेय, आता लिहिते. त्या वाचनालयात हसलेल्या बायांमध्ये मी होते.

सर, हसलो ते खरं. पण घरी जाताना दुसरं डोक्यात आलं. ती गाथा लिहिली कोणी? बाईचे हात थरथरले हे बघितलं कोणी? परंपरा सांगते की गाथाकारांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा अशी बायांची नावं आहेत. ही असेल त्यांच्यातली कुणाची, नसेलही. पण 'असई' हा शब्द बाई स्वतःसाठी वापरते का?

बायांनी बायांसाठी रचलेलं म्हणाल तर आमच्याकडे जात्यावरची ओवी आहे. माझी आजी अजून चार ओव्या म्हणते. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, भाऊ आहे, परत भाऊ आहे. नवरा येतो तो 'कंथ' होऊन, 'हौश्या' होऊन, आणि चोळी-बांगडी घेऊन देऊन निघून जातो. कारण माजघरात सासू जागी असते! कुणी इथे प्राध्यापकी करून म्हणेल की युरोपात बाराव्या शतकात पहाटेची गाणी होती, पहाट झाली, पहारेकरी ओरडला, प्रियकरा आता जा, अशी. जपानी दरबारात तर रात्री येऊन गेलेल्याने सकाळी कविता पाठवली नाही तर बाईचा अपमान. वाचलंय मी ते. आमच्याकडे पहाट म्हणजे जातं. उठून पायली दळायची. कविता पाठवणारा घोरत असतो.

म्हणून मला जवळची वाटते ती मुद्दुपळनी. अठराव्या शतकातली तंजावरची गणिका. तंजावरला तेव्हा भोसल्यांचं राज्य, प्रतापसिंह राजा, म्हणजे मराठी दरबार. तिने तेलुगूत 'राधिका सांत्वनमु' लिहिलं. त्यात राधा आपल्या हाताने वाढवलेल्या इळेचं कृष्णाशी लग्न लावून देते, त्या पोरीला पहिल्या रात्रीबद्दल समजावते, आणि मग स्वतः मत्सराने जळते. मनधरणी कृष्णाने करायची. पुढे 1910 मध्ये बंगळूर नागरत्नम्मांनी ते पूर्ण छापलं, कारण आधीच्या छापील प्रतीत गाळागाळ होती. इंग्रज सरकारने अश्लील म्हणून बंदी घातली, ती उठायला स्वातंत्र्य यावं लागलं. वर्षानुवर्षं पुरुषांनी स्त्रीच्या तोंडी शृंगार घातला तेव्हा तो रस. एका बाईने लिहिला तर गुन्हा. वकीलसाहेब, तुमच्या यादीत ही नव्हती.

वकीलसाहेब_धुळे

नव्हती. घेतली.

खवट_खान्देशी

ताई, माझी वात्स्यायनवाली कमेंट मागे घेतो. फवारणीची ठेवतो.

तापीकाठचा_मास्तर

मोगराताई, 'असई'चं मला उत्तर देता येत नाही. तीस वर्षं मी 'कवी म्हणतो' असंच शिकवलं, 'कोण म्हणतंय' हे विचारलं नाही.

एक विनंती. पुढच्या बैठकीला आजींना आणता येईल का? मी पाणपोईची गाथा वाचणार आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितोय, बोटं सैल सोडून, म्हणजे पाणी गळत राहील. मान वर, डोळे तिच्याकडे. आणि पाणी घालणारी ती जाणून धार बारीक बारीक करत जाते, म्हणजे पाणी जास्त वेळ पुरेल. दोघं एकमेकांशी शब्द बोलत नाहीत. त्रेचाळीस डिग्रीत वाचायला हीच बरी.

मोगरा_अमळनेर

आणते. गुडघे दुखतात तिचे, खुर्ची ठेवा.

ही गाथा तिला आत्ताच वाचून दाखवली, अहिराणीत उलगडून सांगितली. आजी लसूण सोलत होती. ऐकून थांबली, पदर तोंडाला लावला, मग म्हणाली, "त्या गोष्टी पोथीमा नई ऱ्हातस वं, वावरमा ऱ्हातस." आणि थोड्या वेळाने परत, "मंग? माठ रिता व्हयना का नई?"

मी म्हटलं, आजी, तेवढंच लिहिलंय. तिला पटलं नाही. रविवारी तुम्हालाच विचारणार आहे.